माझा दुसरा टोला

आबा, उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी आहे. एकाच डोळ्यानं लिहिते आहे, तोही धड नाही, तेव्हा ओळी बैल मुतल्यासारख्या वाकड्या गेल्या तर नावं ठेवू नका. शाळा माझी तिसरीपर्यंतची, ती तुम्हीच सोडवलीत. नातीच्या जुन्या वहीतली कोरी पानं घेतली आहेत. मघाशी ती विचारून गेली, "आज्जी, काय लिवाय लागलीस गं?" म्हटलं, "मसाल्याचं प्रमाण. जा, दहावीला हाईस, अभ्यास कर." डॉक्टरांनी वाकू नका, रडू नका, चुलीपुढं बसू नका असं सांगितलंय. रडायचा प्रश्नच नाही. वाकावं मात्र लागतंय.

पट्टी कशाची ते सांगते, पण आधी भीती सांगते, कारण पट्टी आठ दिवसांची आहे आणि भीती दोन वर्षांची होती. तुम्ही सोडलात तो माळ अजून तसाच आहे. तुमच्या वेळी सरदार आणि बडे अंमलदार गोल्फ खेळायचे, आता डॉक्टर, वकील, साखर कारखान्यातले साहेब खेळतात. होल नऊच आहेत. माळावर पाणी चढत नाही, म्हणून झेंड्याभोवती अजूनही हिरवळ नाही, जळकं तेल मुरवलेली काळी वाळूच आहे, आणि त्या वाळूवरून फळीला गुंडाळलेलं पोतं ओढून ती सारखी करायचं काम तुमचं होतं ते आता माझं आहे. नवरा गेल्यावर, नव्वदच्या पुढं कधीतरी, मी पोराला घेऊन परत इथं आले. क्लबहाऊसच्या मागच्या दोन खोल्या त्या कामावर मिळाल्या. पोरगा आता ट्रकवर असतो, पंधरा पंधरा दिवस येत नाही. सून दूध संघात जाते. म्हणजे खोल्या माझ्या पोत्यावर आहेत. पोतं सुटलं की खोल्या सुटल्या, आणि नात ऐन दहावीत रस्त्यावर.

आधी झेंडे दोन दोन दिसायला लागले. मग दुधावर साय धरावी तशी नजरेवर काहीतरी धरलं. लांबचं सगळं धुरात. मी कुणाला बोलले नाही. सुनेला तर नाहीच, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. पावलं मोजून ठेवली. खोलीच्या दारापासून पहिल्या झेंड्यापर्यंत दोनशे बारा, तिथून ओढ्याच्या काठापर्यंत नव्वद. वाळूवर गेले की चपला काढायच्या आणि तळव्यानं बघायचं. ते तुम्हीच शिकवलेलं. मी सोळा वर्षांची आहे, तुम्ही पोतं माझ्या हातात देताय आणि साहेबांच्या काठ्या वाहणाऱ्या सगळ्या कॅडींच्या देखत ओरडताय, "आतनं भाईर ओढ, भवाने! भाईरनं आत ओढलंस तर खळीच्या तोंडाला वरंबा हुतोय. चेंडू अडला तर सायेब शिवी मला देतोय, तुला न्हवं. आनि त्या चपला काढ. वाळू पायाला सांगती, डोळ्याला न्हाय." त्या दिवशी मला वाटलं हे माझ्यावर खेकसायला म्हणून काहीतरी बोलतात. आता कळतंय की तुम्ही तेव्हा पायानंच बघत होता.

भीती काय असते ते चेंडूनं दाखवलं. एका सकाळी चौथ्या झेंड्याजवळ कानापाशी भुंगा गेल्यासारखं झालं आणि मागच्या बाभळीत खाडकन वाजलं. कुणीतरी लांबून "बाजूला व्हा" म्हणून ओरडलं होतं, पण कुठून ते मला दिसलं नाही. चार बोटं इकडं असता तर कपाळातच होता. त्यानंतर रोज पोतं ओढताना मान खांद्यात घालून असायची. आणि त्यातच नवीन सेक्रेटरी आले, फौजेतून निवृत्त झालेले. माणूस वाईट नाही. त्यांनी सगळ्यांना व्हरांड्यात गोळा करून सांगितलं, "मिसळ झाली की जुन्या माणसांची नजर तपासायची. ज्याला येणारा चेंडू दिसत नाही त्याला माळावर ठेवणार नाही. एखादा मेला तर मी त्याच्या घरी काय सांगू?" खरं होतं त्यांचं. खरं होतं म्हणूनच मी भ्याले.

मिसळ म्हणजे खायची नव्हे, तीही शेवटी असतेच. वर्षातून एकदा थंडीत एक सामना होतो, त्यात साहेब, कॅडी, पोतंवाले, स्वयंपाकी सगळ्यांच्या चिठ्ठ्या एका पत्र्याच्या डब्यात टाकतात आणि चौघांची एक अशा टोळ्या पाडतात. म्हणून मिसळ. जिंकणाऱ्या टोळीला फेटे बांधतात. खेळायची तऱ्हा अशी, की चौघांनीही टोला मारायचा, त्यातला चांगला पडलेला चेंडू धरायचा आणि पुढं चौघांनी तिथूनच मारायचं. असं करत चेंडू खळीत पडेपर्यंत, आणि ज्यांचे टोले कमी ते जिंकले. पण एक मेख आहे. प्रत्येक होलला जो पहिला टोला असतो, तो नऊ होलमध्ये प्रत्येकाचा निदान दोनदा धरलाच पाहिजे. नाहीतर एकटा पैलवान हाणत सुटला असता आणि बाकीचे तिघे मागं फिरले असते. मी दर वर्षी काहीतरी निमित्त सांगून चिठ्ठी टाळायचे. या वेळी टाळली असती तर सेक्रेटरी म्हणाले असते, का? ते का मला नको होतं.

चिठ्ठ्या निघाल्या. एक निघाली बाळंतपणं करणारी डॉक्टरीणबाई, सडपातळ, पन्नाशीची, हिशोबी डोक्याची. दुसरा साखर कारखान्यातला इंजिनियर, आवाज भोंग्यासारखा. तिसरी मी. आणि चौथा तुमचा माळावरचा जोडीदार. तुम्ही मरेपर्यंत ज्याचं नाव घरात काढू दिलं नाहीत तोच. आता तो कॅडीमास्तर आहे, सत्तरीचा, अंगावर मांस नाही, खोकला आहे. मी त्याला तात्या म्हणते. मला हे काम त्यानंच दिलं, हे मी तुम्हाला आजवर मनातसुद्धा सांगितलं नव्हतं. घ्या, आता सांगितलं.

जांभळीखाली बसून डाव ठरला. डॉक्टरीणबाईनं काडीनं मातीत नऊ रेघा मारल्या. म्हणाली, "आजींचे आणि तात्यांचे पहिले टोले सोप्या होलला आधी उरकून घ्यायचे. मोठे टोले शेवटाला राखायचे." इंजिनियर म्हणाला, "मावशी, तुम्ही नुसतं उभं ऱ्हावा. आमी हाय की." मी म्हटलं, "उभं ऱ्हायाला बुजगावणं आणा शेतातनं. मी मारणार." तात्या हसला नि खोकला. "सायेब, ही लांब मारत न्हाय, पन सरळ मारती. हिच्या बापाची काठी हाय ती." सरळ म्हणजे कुणीकडं सरळ, ते मला दिसायला नको का? पण हे बोलणार कोण. वाळूवरचा डाव मात्र माझ्या सोयीचा निघाला. वाळूवर पोतं एकदाच ओढायचं, मग चौघांनी एकाच जागेवरून ओळीनं मारायचं. पहिल्याचा चेंडू वाळूत रेघ सोडतो, मागच्या तिघांना ती रेघ बघून मारता येतं. बाई म्हणाली, "म्हणजे पहिला चेंडू ज्याला वाळू कळते त्याचा. आजींचा." मी मान हलवली. 

पहिले दोन होल निभावले. मी टोला मारायचे, चेंडूचा आवाज ऐकायचे आणि बाकीचे कुठं बघतात तिकडं बघायचे. इंजिनियर "वा मावशी" म्हणाला की समजायचं बरा गेला, गप्प बसला की समजायचं बाभळीत. तिसऱ्याला चूक झाली. चेंडू शोधत सगळे पुढं पांगले होते. मला गवतात पांढरं दिसलं, मी वाकले, ठसक्यात म्हटलं, "हा काय माझा!" हातात घेतलं तर गार लागलं. गारगोटी होती. बाई दहा पावलांवर उभी, इंजिनियर तिच्यामागं. माझा हात तसाच. तेवढ्यात तात्या माझ्यापुढं आला, हातातली गारगोटी काढून घेतली आणि मोठ्यानं म्हणाला, "ही खुळी, खेळतानासुदीक माळ झाडतीया! टाक ती गारगोटी, कुणाच्या पायात येत न्हाय." इंजिनियर हसला. बाई हसली नाही. आणि तात्यानं चालता चालता तोंड न वळवता मला विचारलं, "कवापास्नं?"

मी चेंडू शोधायला पुढं गेले. पण आबा, तिथून पुढं भीतीच बदलली. चेंडूची भीती गेली, सेक्रेटरीची गेली, ही सगळ्यांहून मोठी भीती आली. कारण त्याला कळलं होतं. ज्या माणसावर तुम्ही आळ घेतला, त्याच्याच हातात माझी मान गेली होती.

आता ऐका. तुमची नजर गेली आहे हे या माळावर दोघांनाच माहीत होतं, एक मी आणि एक तो. मी तुमच्या पुढं चालायचे आणि हळू आवाजात सांगायचे, झेंडा डावीकडं, चेंडू खड्ड्याच्या अलीकडं. तो साहेबांना बोलण्यात गुंतवायचा. तुम्ही दोघांनी मिळून एक वर्ष काढलंत. मग एक दिवस मोठ्या साहेबांनी तुम्हाला बोलावलं आणि उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तुम्ही घरी येऊन पहिलं वाक्य बोललात ते, "जोडीदारानं घात केला. माझी जागा पायजे हुती त्याला." आपण राधानगरीकडं मामाच्या गावाला गेलो. तुम्ही दुसऱ्याच्या भाताच्या चिखलात पायानं चाचपत कामं केलीत आणि त्याचं नाव काढलं की थुंकायचात. मी तेव्हा समोरच बसलेली असायचे, भाकरी थापत.

त्यानं सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. मुद्दाम नव्हे. तुम्ही कॅडींच्या देखत भवानी म्हणालात ना, त्याच दिवशी. मी रागानं क्लबहाऊसच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. स्वयंपाकीण अंडी सोलत होती. म्हणाली, "एवढं मनाला लावून घिऊ नगं, बाप हाय." मी म्हटलं, "बापाला काय दिसतंय! मी पुढं चालते म्हणून चाललंय सगळं, न्हायतर झेंडा का गाढव ते कळणार न्हाय त्यांना." फुशारकी मारली, दुसरं काही नाही. सोळा वर्षांच्या पोरीला आपण कुणीतरी आहोत असं वाटायला काय लागतं? मागं दाराशी मोठे साहेब पाण्याचा ग्लास घेऊन उभे होते. त्यांनी मला पाहिलं, ग्लास ठेवला नि गेले. मला तेव्हाच कळलं होतं.

तर अशी मी, तिसऱ्या होलपासून सहाव्या होलपर्यंत त्याच्या मागं चालते आहे आणि मनात एकच, हा आता काय करेल? एक शब्द पुरे होता. व्हरांड्यात जाऊन चहा पिता पिता म्हटलं असतं, "सायेब, म्हातारीला दिसत न्हाय," की चाळीस-बेचाळीस वर्षांचा आळ खरा करून मोकळा झाला असता. नाहीतरी केल्याचं नाव होतंच, आता करूनच दाखवायचं. मी असते तर केलं असतं. मी त्याच्या पाठीकडं बघत होते, पाठ म्हणजे पांढरा सदरा तेवढा दिसायचा, आणि घाम इतका की काठी हातातून निसटायची.

तो मात्र काहीच झालं नाही असा बडबडत होता. पाचव्याला ओढ्यापलीकडचा जवळचा झेंडा आहे. माझा पहिला टोला तिथं धरायचा हे ठरलं होतं. तात्या ओढ्याच्या कडेला जाऊन उभा राहिला नि म्हणाला, "पान्याचा आवाज डाव्या हाताला ठेव, सरळ हान." बाकीच्यांना वाटलं म्हातारा उगीच शिकवतोय. मी आवाज डाव्या हाताला ठेवला नि हाणला. गेला पलीकडं. एक टोला झाला. दुसरा सातव्याला धरायचा होता, तिथं मैदान रुंद आहे, आंधळ्यानं मारावं असं. पण सातव्याला इंजिनियरचा टोला असा काही बसला की झेंड्यापाशीच जाऊन थांबला. बाई म्हणाली, "नाही, इथं आजींचा घ्यायचा ठरलंय." इंजिनियर म्हणाला, "बाई, देवानं दिलंय ते घ्या की! फेटा बांधायचा हाय का न्हाय? मावशींचा नवव्याला घिऊ." बाईनं बोटं मोजली. मोहात डॉक्टरीणसुद्धा पडते. घेतला त्याचाच. आठव्याला तात्याचा दुसरा झाला. राहिला नववा, आणि नवव्याला माझाच टोला धरायचा, चांगला जावो वाईट जावो. नववा झेंडा क्लबहाऊसच्या अंगणात आहे. व्हरांड्यात सगळा माळ जमलेला, सेक्रेटरी पुढच्या खुर्चीत.

मी उभी राहिले. समोर बघते तर पांढरा धूर. व्हरांडा कुठं, झेंडा कुठं, माणसं कुठं, सगळं एकच. या जागी पावलं मोजून उपयोग नव्हता, टोला मारायचा तर दिशा पाहिजे. डावीकडं मारला तर बाभळी, उजवीकडं मारला तर माणसं बसलेली. एखाद्याच्या तोंडावर बसला तर? काठी दोनदा टेकली, दोनदा उचलली.  इंजिनियर हळूच म्हणाला, "मावशी, ताण घिऊ नका." मी म्हटलं, "तुमीच दिलाय." बाई जवळ आली, माझ्या खांद्याला धरून किंचित वळवलं, जणू पदर सारखा करते आहे. मग मागं सरली. तेव्हाच मला संशय आला की हिलाही कळलंय.

तात्या म्हणाला, "चेंडू हुडकाय कोन तरी फुडं नको व्हय? मी जातो." आणि गेला. पावलं ऐकत होते मी. ऐंशी एक पावलं गेला असेल, थांबला आणि तिथून ओरडला, "ए म्हातारे! मार की! का म्हूर्त बगतीस?" व्हरांडा हसला. सेक्रेटरी उठून ओरडले, "तात्या, समोरून बाजूला व्हा! लागेल!" तात्या म्हणाला, "हिचा टोला हाय सायेब, लागला तर मुंगी चावल्यागत! मार गं, माझ्याकडं बगून मार! जीव हाय का न्हाय हातात?" तो गप्पच बसेना. मला कळलं. माझ्या आणि झेंड्याच्या मधोमध उभा राहून तो मला आवाज देत होता. चेंडू कसा येतो ते त्याला दिसलं असतं, पण त्याचा गुडघा आणि त्याचा खोकला बघता तो बाजूला सरकू शकला नसता. आणि चेंडू म्हणजे मुंगी नव्हे. मी एका कॅडीचा दात गेलेला बघितलाय, एकाचं कपाळ फुटलेलं.

आबा, आयुष्यात एवढी भ्याले नाही. नवरा गेला तेव्हा नाही, तुम्ही गेलात तेव्हा नाही. वाटलं, आधी बापाची जागा घालवली, आळ त्याच्यावर गेला, आता त्यालाच मारते. काठी खाली ठेवावी आणि सेक्रेटरीला सांगावं, मला दिसत नाही, न्या माझ्या खोल्या. शब्द तोंडात आलाही होता. पण तो तिकडून ओरडतच होता, "मार गं! मार!" आवाज चिरकला, खोकला आला, खोकता खोकताच परत "मार!" म्हणाला. मी त्या खोकल्यावर नेम धरला आणि मारला.

आवाज चांगला आला. मग काहीच नाही. मग तात्या बोंबलला, "कानाला वारा घालून गेला रं! अंगनात पडला!" सगळे टाळ्या वाजवायला लागले. मी खालीच बसले. इंजिनियरला वाटलं म्हातारी आनंदानं बसली.

पुढं वाळू. ती माझी. चपला काढल्या, पोतं आतून बाहेर ओढलं, तळव्याला लागलं की खळीच्या उजवीकडं जरा उतार आहे, सकाळी मीच ओढताना राहिला होता. त्या हिशेबानं पहिला चेंडू मी मारला. खळीच्या आधी वीतभर थांबला, पण रेघ नीट उमटली. इंजिनियरनं जोरात मारून वाया घालवला. तात्याचा कडेनं गेला. बाईनं खाली बसून माझी रेघ बघितली, त्याच रेघेवरून सोडला आणि आत पडला. तरी आम्ही दुसरेच आलो. फेटे स्वयंपाक्याच्या टोळीला. आम्हाला मिसळीवर एक एक पाव जास्त. सातव्याचा मोह नडला म्हणून बाई इंजिनियरला अर्धा तास बोलत होती आणि तो "व्हय बाई, व्हय बाई" करत कट ओरपत होता.

मी पोतं ठेवायला मागं गेले तर तात्या आला. मी वाटच बघत होते. म्हटलं, आता मागेल काय मागायचं ते. तो भिंतीला टेकला. दम खाल्ला. म्हणाला, "तुझ्या आबाची मान पन अशीच तिरकी व्हायची. मी तिसऱ्यालाच वळखलं." मी पोतं गुंडाळत राहिले. "मी सांगिटलं न्हवतं गं. ह्या माळाची आन. त्यो वारला तवा मी आलतो राधानगरीला, पावसात. भाईरच हुबा हुतो. कुनी पानी इचारलं न्हाय." मला आठवत होतं. घोंगडं पांघरून उभा होता, मी दारातून बघितलं होतं आणि आत गेले होते. मग तो म्हणाला, "आता माझंबी फार दिस न्हाईत. फुफ्फुसात पानी झालंय म्हनं. वर गेल्यावर भेटला त्यो, तर बोलंल काय गं माझ्यासंगं?"

या जिभेनं मी माळावरच्या एकेकाची सालटी काढली आहेत. सेक्रेटरीलाही सोडलं नाही. तेव्हा मात्र तिला 'मी सांगितलं' एवढे दोन शब्द जमले नाहीत. एवढंच म्हणाले, "बोलतील की. न बोलून जातात कुठं?" तो "व्हय की" म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईनं मला बोलावून डोळ्यात बॅटरी मारली. म्हणाली, "मी डोळ्यांची डॉक्टर नाही, पण हे मलाही कळतं. मोतीबिंदू आहे, पिकलाय. काढला की दिसेल." मी म्हटलं, "आणि माझ्या खोल्या?" तिनं समोरच सेक्रेटरींना सांगितलं. ते म्हणाले, "मग आधी का नाही बोलली ही? महिनाभर दुसरं कुणीतरी पोतं ओढेल." एवढंच. दोन वर्षं मी मान खांद्यात घालून फिरले आणि त्याला उत्तर एवढंच होतं. ऑपरेशनला भ्याले, पण नवव्यापेक्षा कमीच. तिथं पडल्या पडल्या एक विचार आला तो सांगते. तुमचाही मोतीबिंदूच असणार. तुमच्या वेळीही शहरात डॉक्टर होते. आपण तिघांनी मिळून झाकण्यापेक्षा एकानं जाऊन दाखवलं असतं तर? पण झाकलं. आणि झाकलेलं मी उघडलं ते नको तिथं.

एसटीनं नेलं नि आणलं ते तात्यानंच. परवा औषध घालायला पट्टी सोडली तेव्हा पहिला दिसला तो. दोन वर्षांत त्याचं तोंड असं मी बघितलंच नव्हतं. गालाची हाडं वर आलेली, ओठ निळसर, चार दात. डोळे मात्र चांगले आहेत हो त्याचे. मला बघून म्हणाला, "काय, दिसतोय का मी? का अजून गारगोटीच?" नर्स हसली. मी म्हटलं, "गारगोटी बरी दिसती तुझ्यापरीस."

तर हे लिहायचं कारण असं. तो तिकडं यायला लागलाय. आला तर तोंड फिरवू नका. थुंकू नका. त्यानं सांगितलं नव्हतं, मी सांगितलं. काय शिव्या द्यायच्या त्या मला द्या, भवानी म्हणा, मी येईपर्यंत साठवून ठेवा. पाणी मात्र आधी त्याला विचारा.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, मला ठाऊक आहे. चूल पेटलेली आहे. आणि एक सांगते, आबा. तुम्ही उलटून बोलणार नाही म्हणून तुम्हाला लिहिलं. तो अजून जिवंत आहे, पलीकडच्या खोलीत आहे, माझ्या दारापासून तेवीस पावलं, ती मी कधीच मोजून ठेवली आहेत. आता तर दिसतंही. इथं बसून त्याचा खोकला ऐकू येतोय आणि मी अजून उठलेली नाही.